मराठी खूणशब्दांच्या आधारे कांजीची उजळणी : फ्लॅशकार्डांची बांधणी आणि वापर

जपानी शिकू लागलेल्या मराठी माणसाला हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या फारशा जड जात नाहीत. त्यांचा ‘आ, का, सा, ता, ना, हा, मा’ हा क्रम मुळात बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडलेला आहे, त्यामुळे बाराखडी घोकलेल्याला तो लवकरच आपलासा वाटतो. खरी परीक्षा कांजीपाशी, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थदर्शक अक्षरांपाशी, सुरू होते. जपान सरकारने २०१० साली सुधारलेल्या नित्य वापराच्या यादीत २१३६ कांजी आहेत, आणि त्यांपैकी १०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. ती मुले दिवसभर जपानी ऐकत, बोलत आणि वाचत असतात. पणजी, फोंडा किंवा म्हापसा येथे नोकरी अथवा कॉलेज सांभाळून शिकणाऱ्याला तो सहवास मिळत नाही, म्हणून त्याला स्मरणाची पद्धतशीर व्यवस्था स्वतःच उभी करावी लागते.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत अशी आहे : प्रत्येक कांजीला एक आणि एकच शब्द बांधायचा, तो शब्द कार्डाच्या एका बाजूला ठेवायचा, आणि तो वाचून कांजी हाताने लिहून काढायची. या शब्दाला इंग्रजीत ‘कीवर्ड’ म्हणतात. येथे त्याला खूणशब्द म्हटले आहे. आयते मिळणारे बहुतेक संच इंग्रजी खूणशब्दांचे असतात आणि आपल्याकडील विद्यार्थी ते तसेच उचलतात. माझे स्पष्ट मत असे आहे की मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने हे शब्द स्वतःच्या भाषेत, स्वतः निवडावेत. त्याला वेळ लागतो. परंतु निवडीच्या वेळी जो विचार होतो तोच अर्ध्याहून अधिक पाठांतर करून टाकतो.

स्वभाषेतील शब्द कशासाठी

इंग्रजीतील ‘लाइट’ या एका शब्दाखाली हिकारी म्हणजे प्रकाश आणि कारुइ म्हणजे हलके हे दोन्ही येऊ शकतात. ‘राइट’ म्हटले की मिगी म्हणजे उजवा आणि तादाशिइ म्हणजे बरोबर यांत घोटाळा होतो. मराठीत हा गोंधळ उद्भवतच नाही. क्रियापदाला ‘-णे’ लागत असल्याने नाम आणि क्रिया आपोआप वेगळ्या होतात, आणि हा लाभ लहान नाही.

काही ठिकाणी तर मराठी जपानीच्या अधिक जवळ जाते. ‘ओमोउ’ आणि ‘कांगाएरु’ या दोन क्रियापदांना इंग्रजीत बहुधा ‘थिंक’ असा एकच शब्द दिला जातो. ओमोउ म्हणजे मनाला वाटणे, कांगाएरु म्हणजे विचार करणे. मराठी माणूस हा भेद रोजच पाळतो. ‘दादा’ आणि ‘ताई’ हे शब्द थोरला भाऊ आणि थोरली बहीण यांच्या कांजींसाठी तयारच आहेत.

मात्र स्वभाषा म्हणून सर्व काही सरळ जुळेल असे समजू नये. आपण काका आणि मामा हा भेद बापाची बाजू आणि आईची बाजू यांवरून करतो. जपानी लेखनात ‘ओजि’ (काका किंवा मामा) या शब्दासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन कांजींतील भेद हा तो नातेवाईक आईवडिलांपेक्षा वयाने मोठा की लहान यावर अवलंबून असतो. तेथे ‘काका’ आणि ‘मामा’ हे खूणशब्द ठेवले तर चुकीची समजूत कायमची रुजेल. अशा वेळी ‘वडीलधारा’ आणि ‘धाकटा आप्त’ असे काहीसे ओबडधोबड, पण खरे शब्द घ्यावेत.

पहिली पायरी : तक्ता

कार्डे करण्याआधी संगणकावर साधा तक्ता करावा. स्तंभ असे ठेवावेत : खूणशब्द, इशारा, कांजी, घटक, कथा, कुन वाचन, ओन वाचन, तत्सम जोड आणि नमुना शब्द. घटक म्हणजे कांजी ज्यांच्या जुळणीतून बनते त्या लहान आकृत्या, कथा म्हणजे त्या घटकांना खूणशब्दाशी जोडणारी छोटी गोष्ट, कुन म्हणजे मूळ जपानी उच्चार, ओन म्हणजे चिनीतून आलेला उच्चार. सुरुवातीस सर्व स्तंभ भरण्याचा आग्रह धरू नये. खूणशब्द, कांजी, घटक आणि कथा एवढे पुरे.

कांजींचा क्रम ठरवताना घटकांचा विचार आधी करावा. झाड, सूर्य, तोंड, माणूस, शेत, मन आणि पाणी या साध्या आकृत्या पक्क्या झाल्या की पुढच्या शेकडो कांजी त्यांच्याच जुळणीतून उलगडतात. माणूस आणि झाड मिळून ‘विसावणे’, दोन झाडे म्हणजे ‘राई’, तीन झाडे म्हणजे ‘अरण्य’. पाचव्या म्हणजे सर्वांत खालच्या पातळीची जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा (जेएलपीटी) तोंडावर असेल तर तिला लागणाऱ्या सुमारे शंभर कांजी आधी घ्याव्यात, परंतु त्यांतही हाच क्रम लावावा.

जे घटक स्वतंत्र कांजी म्हणून येत नाहीत त्यांनाही मराठी नावे द्यावीत. डावीकडील पाण्याच्या तीन छोट्या रेषांना ‘तीन थेंब’, वरच्या आच्छादनाला ‘छप्पर’, डावीकडे उभ्या राहणाऱ्या मनाच्या रूपाला ‘उभे मन’. ही नावे कोणत्याही खूणशब्दाशी सारखी असता कामा नयेत. गवताची स्वतंत्र कांजी आहे, म्हणून गवताच्या शिरोघटकाला ‘तृण’ म्हणावे.

दुसरी पायरी : शब्द निवडणे

संपूर्ण पद्धतीचा जीव या पायरीत आहे. एका खूणशब्दाने एकच कांजी आठवली पाहिजे, आणि तो शब्द वाचताक्षणी मनात काहीतरी मूर्त उभे राहिले पाहिजे. गोव्यातील मराठी वाचकाजवळ यासाठी तीन साठे असतात : बोलीतले देशी मराठी शब्द, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द, आणि घरातली-बाजारातली कोकणी. एखादी अर्थच्छटा मराठीत दोन कांजींमध्ये वाटून द्यायची असेल तेव्हा हे तिन्ही साठे उपयोगी पडतात.

पाण्याशी संबंधित कांजी घेऊन हे पाहू. ‘कावा’ म्हणजे नदी. या अर्थाची एक कांजी तीन उभ्या रेषांची आहे आणि दुसरी तीन थेंब असलेली. दोन्हींचा कुन उच्चार एकच, अर्थही जवळजवळ एकच. पहिलीला ‘नदी’ आणि दुसरीला ‘न्हंय’ दिले की प्रश्न मिटतो, कारण हे दोन शब्दही आपल्या मनात एकाच प्रवाहाची दोन नावे म्हणून राहतात. ‘सावा’ या डोंगरातल्या छोट्या प्रवाहाला ‘व्हाळ’, ‘इके’ला ‘तळे’, ‘नुमा’ला ‘दलदल’, खाडी दाखवणाऱ्या ‘ए’ या कांजीला ‘खाडी’ आणि ‘इझुमि’ला ‘झर’. इझुमिच्या कांजीत वर पांढरा आणि खाली पाणी आहे; केसरव्हाळची झर पाहिलेल्याला वेगळी कथा रचावी लागणार नाही. ‘ताकि’ म्हणजे धबधबा. त्यात तीन थेंब आणि शेजारी ड्रॅगन आहे, आणि दूधसागरचा पावसाळ्यातला लोट ज्याने पाहिला आहे त्याला तो ड्रॅगन दिसेलच.

शेतजमिनीच्या बाबतीत तर गोव्याची परिभाषा फार समृद्ध आहे. ‘ता’ म्हणजे पाणी साठवलेले भातशेत. त्याला ‘शेत’ पुरे. ‘हाताके’ म्हणजे कोरडी जमीन, आणि तिच्या कांजीत शेताला आग जोडलेली आहे. ही कांजी जपानमध्येच तयार झाली. तिला मी ‘कुमेर’ हा शब्द सुचवतो. सत्तरीकडे डोंगरउतारावरील झुडपे जाळून केल्या जाणाऱ्या शेतीचे हे नाव आग आणि शेत दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर आणते. आज हाताके हा शब्द कोणत्याही भाजीपाल्याच्या किंवा कोरडवाहू शेताला वापरतात, ही नोंद इशाऱ्याच्या स्तंभात जरूर करावी. ज्याला कुमेर शब्द परका आहे त्याने ‘जिराईत’ घ्यावा. ‘तोगे’ ही जपानमध्येच घडलेली आणखी एक कांजी : डावीकडे ‘डोंगर’, उजवीकडे ‘वर’ या अर्थाची आकृती आणि तिच्याखाली ‘खाली’ या अर्थाची. चोर्ला किंवा अनमोडच्या रस्त्याने गेलेल्याला तिच्यासाठी ‘घाट’ याहून चांगला शब्द सापडणार नाही.

कोकणीचा उपयोग करताना एक सावधगिरी मात्र हवी. समुद्राच्या वाळूच्या किनाऱ्याला कोकणीत ‘वेळ’ म्हणतात, पण मराठी वाचताना तोच शब्द काळ दाखवतो आणि ‘तोकि’ या कांजीला तो आधीच लागलेला असतो. म्हणून ‘हामा’साठी ‘पुळण’ आणि ‘किशि’साठी ‘काठ’ असे शब्द घ्यावेत. मराठीतही असे दुहेरी अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत : मान, वर, कर, काळ, पद. ‘मान’ हा शब्द ‘कुबि’ला म्हणजे शरीराच्या अवयवाला दिला असेल तर सन्मानाच्या अर्थासाठी ‘आदर’ घ्यावा. ‘कर’ केवळ शासनाला भरायच्या पैशांसाठी राखावा, हातासाठी कधीही वापरू नये.

शब्द उत्तम आहे पण त्याला दुसरा अर्थ चिकटलेला आहे, अशी स्थिती आली तर इशाऱ्याचा स्तंभ वापरावा. ओमोउसाठी ‘वाटणे’ हा शब्द मी कधीच सोडणार नाही, पण आपल्याकडे खोबऱ्याचा मसालाही वाटतात आणि प्रसादही वाटतात. म्हणून खूणशब्दाखाली लहान अक्षरांत ‘मनाला’ एवढाच इशारा द्यावा. इशारा एक-दोन शब्दांचा असावा. तो लांबला तर उजळणीच्या वेळी डोळा खूणशब्दावर न थांबता इशाऱ्यावर जाऊ लागतो.

जवळच्या अर्थाचे गट एकत्र बसवावेत, एकेक करून नव्हे. पाहण्याच्या गटात नुसते पाहणे, पर्यटन या अर्थाच्या ‘कांको’ शब्दातील ‘कान’, दृष्टिक्षमता या अर्थाच्या ‘शिर्योकु’तील ‘शि’, वैद्यकीय तपासणीच्या ‘शिंसात्सु’तील ‘शिन’ आणि परिचर्येच्या ‘कांगो’तील ‘कान’ अशा पाच कांजी समोर मांडल्या, तर त्यांना अनुक्रमे पाहणे, अवलोकन, दृष्टी, तपासणे आणि शुश्रूषा असे शब्द सहज वाटून देता येतात. शुश्रूषेच्या कांजीत डोळ्यावर हात धरलेला आहे, आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकेशी ते चित्र जुळते.

तत्सम शब्द कोठे ठेवावेत

मराठी विद्यार्थ्याला इतरांपेक्षा मोठा फायदा येथे आहे आणि तो क्वचितच वापरला जातो. आपण सुटा शब्द म्हणून ‘पाणी’ म्हणतो, पण समासात ‘जल’ येते. जपानीतही सुट्या शब्दात बहुधा कुन उच्चार येतो आणि जोडशब्दात ओन उच्चार. पाणी म्हणजे ‘मिझु’, पण पोहणे या अर्थाचा जोडशब्द ‘सुइएइ’, आणि मराठीत त्याचे अक्षरशः रूप ‘जलतरण’. नवा म्हणजे ‘आताराशिइ’, पण नववर्ष म्हणजे ‘शिन्नेन’.

म्हणून सामान्य नियम असा करावा : मुख्य खूणशब्द देशी ठेवावा, आणि ओन उच्चाराशेजारी तत्सम जोड नोंदवावी. ‘पाणी’च्या कार्डामागे ‘सुइ – जल’ असे लिहिले की पुढे नवा जोडशब्द दिसताच त्याचा अर्थ लावण्याची सवय लागते. तत्सम शब्द मुख्य खूणशब्द म्हणून तेव्हाच घ्यावा, जेव्हा देशी शब्द दुसऱ्या कांजीला गेलेला असेल. ‘मे’ म्हणजे डोळा. डोळ्याचीच दुसरी कांजी ‘गान’, तिला ‘नेत्र’ द्यावा, कारण ती ‘गांका’ म्हणजे नेत्रविभाग अशाच शब्दांत अधिक भेटते.

बौद्ध धर्माबरोबर गेलेले काही संस्कृत शब्द कांजीत अजून ओळखू येतात. ‘झेन’ हे ध्यानाचे रूप आहे, ‘हाचि’ हे पात्राचे, आणि ‘तो’ हे स्तूपाचे. झेनच्या कांजीला ‘ध्यान’ हाच खूणशब्द योग्य. ‘तो’ची कांजी मात्र आज कोणत्याही उंच मनोऱ्याला लावतात, म्हणून तेथे ‘मनोरा’ ठेवून स्तूप कथेत आणावा. शब्दाचे मूळ कितीही मोहक असले तरी खूणशब्द आजच्या अर्थालाच बांधलेला असावा.

तिसरी पायरी : कार्डे तयार करणे

यासाठी ‘आंकी’ हे फ्लॅशकार्डांची उजळणी घेणारे अ‍ॅप सोयीचे आहे. त्याचे नावच पाठांतर या अर्थाच्या जपानी शब्दावरून आलेले आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते विनामूल्य आहे, आयफोनवर पैसे पडतात. तक्ता टॅबने विभागलेल्या मजकूर फाइलमध्ये, यूटीएफ-८ संकेतात साठवावा आणि अ‍ॅपमध्ये आयात करावा.

खूणशब्द हा नोंदीचा पहिला रकाना ठेवावा, कारण अ‍ॅप पुनरुक्ती याच रकान्यावरून तपासते. हाताने नोंद भरताना तोच शब्द दुसऱ्यांदा आला तर इशारा मिळतो. परंतु फाइल आयात करताना सावध राहावे : पहिला रकाना जुळला की अ‍ॅप सहसा जुनी नोंद नव्या माहितीने बदलून टाकते, आणि एक कांजी न सांगता नाहीशी होते. आयातीपूर्वी तक्ता खूणशब्दांप्रमाणे अकारविल्हे लावून पाहावा. सारखे शब्द शेजारी येतात. ‘अंत’ आणि ‘अन्त’, किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असलेली दोन रूपे संगणकाला वेगळी वाटतात, म्हणून शुद्धलेखन एकसारखे ठेवावे.

कार्डाच्या पुढच्या बाजूला खूणशब्द आणि इशारा एवढेच असावे. मागच्या बाजूला मोठ्या आकारात कांजी, मग घटक, कथा आणि वाचने. आपल्याकडील फोनवर काही कांजी चिनी वळणाने दिसतात, कारण चिनी आणि जपानी रूपांना संगणकात पुष्कळदा एकच संकेत दिलेला आहे. फोनच्या भाषांच्या यादीत जपानी दुसऱ्या क्रमांकावर जोडावी, म्हणजे बहुधा योग्य वळण दिसू लागते. हे पहिल्याच दिवशी करावे. चुकीचे वळण हाताला बसले की ते मोडणे कष्टाचे असते.

चौथी पायरी : रोजची उजळणी

खूणशब्द वाचावा, आणि उत्तर उघडण्याआधी चौकटीच्या वहीत कांजी योग्य रेषाक्रमाने लिहावी. मनातल्या मनात ‘येते’ असे म्हणून पुढे जाऊ नये. एक रेष चुकली तरी ‘पुन्हा’ हेच बटण दाबावे. ‘कठीण’ हे बटण बरोबर पण कष्टाने आठवलेल्या उत्तरासाठी आहे, विसरलेल्यासाठी नाही. कांजी पाहून शब्द सांगण्याची उलट कार्डे सुरुवातीस करू नयेत. ज्याला लिहिता येते त्याला ओळखता येतेच. ज्याला ओळखता येते त्याला लिहिता येईलच असे नाही.

अ‍ॅप रोज २० नवी कार्डे दाखवायला सुचवते. नोकरदाराने ती संख्या ५ ते १० वर आणावी. रोज १० घेतल्यास संपूर्ण यादीला सुमारे सात महिने आणि ५ घेतल्यास सुमारे चौदा महिने लागतात. चतुर्थीच्या आठवडाभर आधी नवी कार्डे शून्यावर आणावीत आणि सणात फक्त उजळणी चालू ठेवावी. घर पाहुण्यांनी भरलेले असताना शेकडो कार्डांची थकबाकी साचली की पुष्कळजण अभ्यासच सोडून देतात.

चूक झाली की ती कोणत्या जातीची आहे हे पाहणे हा उजळणीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. खूणशब्द वाचून काहीच आठवले नाही, तर कथा दुबळी आहे; ती पुन्हा रचावी, आणि शक्यतो तिच्यात ओळखीची जागा किंवा माणूस आणावा. दुसरीच कांजी आठवली, तर दोष खूणशब्दात आहे; त्या दोन्ही नोंदी समोर घेऊन एकीचा शब्द बदलावा किंवा इशारा वाढवावा. घटक सारे आठवले पण मांडणी चुकली, तर कथेत दिशा नाही. ‘वासुरेरु’ म्हणजे विसरणे आणि ‘इसोगाशिइ’ म्हणजे कामात गढलेला, या दोन्हींत हरवणे आणि मन हेच दोन घटक आहेत. विसरण्याच्या कांजीत मन खाली आहे आणि हरवलेले त्याच्यावर आहे. गढलेल्याच्या कांजीत उभे मन डावीकडे आहे. पहिलीची कथा ‘मनाच्या वरून निघून गेले’ अशी आणि दुसरीची ‘मन उभ्या उभ्याच हरवले’ अशी केली, तर दिशा कथेतच येते.

एखादे कार्ड आठ वेळा विसरले की अ‍ॅप त्यावर त्रासदायक म्हणून खूण करते. अशा कार्डाशी झटापट करत राहू नये. ते बाजूला काढून, खूणशब्द नव्याने निवडून, काही दिवसांनी परत आणावे.

पाचवी पायरी : खूणशब्द सोडणे

खूणशब्द म्हणजे अर्थ नव्हे. जगणे, जन्मणे, कच्चे असे अनेक अर्थ असलेल्या ‘सेइ’ या कांजीला ‘जन्मणे’ हा शब्द दिला तरी बाकीचे अर्थ त्यात मावत नाहीत, आणि मावावेत असा प्रयत्नही करू नये. ते प्रत्यक्ष जपानी शब्दांतून यायला हवेत. म्हणून दोन-तीनशे कांजी झाल्या की दुसरा संच सुरू करावा : पुढे छोटे जपानी वाक्य, त्यातील एक शब्द ठळक, मागे त्याचे वाचन आणि मराठी अर्थ. या संचात खूणशब्द येऊ देऊ नये.

एखादी कांजी असलेले दोन-तीन जपानी शब्द अडखळल्याविना वाचता येऊ लागले आणि तिच्या खूणशब्द-कार्डाच्या दोन उजळण्यांमधील अंतर सहा महिन्यांच्या पुढे गेले, की ते कार्ड थांबवावे, पुसू मात्र नये. हाताने लिहिण्याची गरज ज्यांना पुढेही राहणार आहे, त्यांनी पुढची बाजू बदलून तेथे मराठी शब्दाऐवजी हिरागानात लिहिलेला जपानी शब्द ठेवावा आणि तो कांजीत लिहून काढावा. आधीचा मराठी खूणशब्द तक्त्यात तसाच राहू द्यावा, कारण नवी कांजी आली की तो शब्द आधीच वापरला आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच यादीकडे पुन्हा यावे लागते.